अब्बांची सतार आणि जतचा ॲम्प्लिफायर

आमच्या दुकानात जळालेले व्हॉल्व्ह कुणी टाकत नाही, ते बिस्किटांच्या डब्यात जातात. डबा हलवला की आत काच किणकिणते आणि अण्णा म्हणतात, "ह्यातल्या प्रत्येकाची एक गोष्ट आहे!" डबा तर केव्हाच भरला. गोष्टींना मात्र झाकण नाही. मी दुकानात फारशी बोलत नाही, त्यामुळे त्या सगळ्या माझ्याकडे साठत गेल्या आहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीत आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, मागे घर. कर्नाटकच्या सीमेवरच्या जतकडची एक टुरिंग टॉकीज बंद पडली तेव्हा अण्णांनी तिचा जुना ॲम्प्लिफायर आणला. त्यात बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह असतात. ते तापून लालसर झाले की आवाज येतो. व्हॉल्व्हवर नंबर एकच असला तरी कंपनी बदलली की आवाज बदलतो, असं आमच्याकडे जमणाऱ्या मंडळींचं ठाम मत आहे.

मंडळी म्हणजे तिघेच. अण्णा, पलटणीत वायरलेसवर काम केलेले, मूळचे पाटणचे सुभेदार काका, आणि मिरजेचे सतार बनवणारे गुलाबचाचा. रविवारी सकाळी ते वेगवेगळे व्हॉल्व्ह लावून एकच रेकॉर्ड ऐकतात. त्या रेकॉर्डवर वाजलेली सतार चाचांच्या अब्बांनी घडवलेली आहे. अब्बा गेले, सतार कुठे परगावी गेली, उरली ती ही रेकॉर्ड. अब्बांच्या कारखान्यात लहानपणी ऐकलेला तो आवाज चाचांना पुन्हा एकदा ऐकायचा आहे. एवढंच त्यांचं मागणं. पण प्रत्येक व्हॉल्व्हला ते मान हलवतात. "गोड हाय. पण अब्बांची न्हाई!"

---

सुभेदार काका कुठलाही व्हॉल्व्ह आधी पेन्सिलीने ठोकून बघतात. एकदा त्यांनी चालू ॲम्प्लिफायरमधला व्हॉल्व्ह ठोकला, तर स्पीकरमधून मोठ्याने 'टण्ण!' असं आलं. त्यांना गंमत वाटली. ते ठोकतच राहिले.

"सुभेदार," चाचा म्हणाले, "आमी सतार ऐकायला आलोय. जलतरंग नको!"

सुभेदारांनी व्हॉल्व्ह काढला. "ह्यो रिटायर झालाय."

"तुमच्यासारखा?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई. मला पेन्शन हाय!"

---

थंडीत आईचं दही लागत नव्हतं. अण्णांनी त्या आठवड्यात कुठूनशी व्हॉल्व्हची एक विलायती जोडी मिळवली होती. ती फार तापायची. आईने गुपचूप विरजणाचं भांडं ॲम्प्लिफायरशेजारी सरकवलं.

रविवारी चाचांनी त्या जोडीलाही मान हलवली. अण्णा खट्टू होऊन ती काढायला गेले, तर आई आतून धावत आली. "आवं, राहू द्या की! आवाजातलं मला कळत न्हाई, पण ह्या जोडीवर दही लय झ्याक लागतंय!"

"व्हॉल्व्ह दह्यासाठी नसतात!" अण्णा गरजले.

जेवताना त्यांनी दही पुन्हा मागून घेतलं. जोडी उन्हाळ्यापर्यंत राहिली.

---

एकदा एका व्हॉल्व्हने कमालच केली. रेकॉर्ड सुरू झाली आणि सतारीच्या मागून एक बाई कन्नडमध्ये बातम्या देऊ लागली! अण्णांनी वायरी हलवल्या, प्लग उलटा केला. बाई थांबेना. सतार द्रुत लयीत गेली तशी बाईही घाईघाईने बोलते आहे असं वाटायला लागलं.

चाचा गंभीरपणे म्हणाले, "अण्णा, आमचे अब्बा कन्नड बोलत न्हवते."

अण्णांनी घाम पुसला. "चाचा, ॲम्प्लिफायर जतचा आहे. त्याला दोन्ही भाषा येणारच!"

---

सुभेदारांच्या पलटणीतल्या एका दोस्ताकडे जुन्या व्हॉल्व्हची न वापरलेली जोडी निघाली. ती आणायला काका गावी, पाटणला गेले. एसटीत काच फुटू नये म्हणून त्यांनी जोडी नातवाच्या दुपट्यात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला की दोन्ही हातांनी छातीशी धरायचे.

शेजारची बाई बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवेना. "आवं दादा, त्वांड तरी उघडं ठेवा. गुदमरंल की ल्येकरू!"

काकांना खोटं बोलता येत नाही. "एक न्हाई बाई, दोन हायेत. आन् काचेची हायेत!"

बाईने पिशवी उचलली आणि पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे बसली.

---

तीच जोडी रविवारी लावली. व्हॉल्व्ह लाल झाले. मी रेकॉर्डवरची धूळ पुसली, अण्णांनी सुई टेकवली. चाचा डोळे मिटून बसले.

थोड्या वेळाने ते एकदम म्हणाले, "थांबवा! तीच जागा परत लावा."

परत लावली. चाचा उठले आणि स्पीकरला कान लावून उकिडवे बसले. आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

सतारीच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, ती कानशीने घासून घासून आवाज जमवायचा असतो. त्याला जवारी म्हणतात. चाचांचा सगळा जन्म त्यात गेला आहे.

"दुसरी तार, जोडाची, खरखरतीय," चाचा हळूच म्हणाले. "जवारी बिघडलीय."

अण्णांचा चेहरा पडला. "व्हॉल्व्हचाच दोष असणार. चाचा, दुसरी जोडी लावून बघतो."

चाचा ताडकन उठले आणि दोन्ही हात पसरून ॲम्प्लिफायरच्या पुढे उभे राहिले. "खबरदार! कुणी हात लावायचा न्हाई! ह्यो दोष अब्बांचा हाय! ह्याच तारेची जवारी मला जमत न्हाई म्हणून जन्मभर शिव्या घातल्या. म्हणायचे, गुलाब, तुझ्या हातात कानस नको, कुदळ पायजे!"

ते हसत होते आणि टोपीने डोळे पुसत होते. सुभेदार काका उगीचच खिडकीबाहेर बघायला लागले.

"अण्णा, परत लावा," चाचा म्हणाले.

अण्णांनी सुई टेकवली. ती जागा आली. चाचा स्पीकरपाशी वाकले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "काय अब्बा? आता बोला की!"