टोकाचे दोन देव

“भाजीच्या गाडीपाशी अगदी तिच्या बाजूला उभी होते मी. हात केला, हसले, तर बाई सरळ पुढे निघून गेली. एवढा कसला गं गर्व?”

शेजारच्या काकू जिन्यात थांबून वरच्या मजल्यावरच्या मावशींना सांगत होत्या. मी आमच्या दाराच्या आत होते. सेफ्टी डोअरला अडकवलेली फुलांची पुडी काढायला हात बाहेर घातला होता, तो तसाच राहिला. “मुलगी ऑफिसला जायला लागली ना, आता आपण कोण,” मावशी म्हणाल्या. नाव कुणी घेतलं नाही, पण हे आईबद्दल चाललंय हे मला कळलं. मी आवाज न करता पुडी काढून घेतली आणि दार लावलं. बाहेर जाऊन काही बोलावं असं वाटलं होतं, पण मला वाटणं आणि मी बोलणं यांत नेहमीच फार अंतर असतं. आणि आई हल्ली विचित्र वागते, हे मलाही दिसत होतं.

देवावर तुझा विश्वास आहे का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरातली स्तोत्रं मला ऐकून ओळखीची आहेत, पण म्हणायला लागले की जोडाक्षरांवर अडखळते. म्हणून आरतीला मी नुसते ओठ हलवते. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात देव म्हणजे आईचं खातं, एवढंच मी धरून चालले होते. हॉलच्या कोपऱ्यात लांबट लाकडी देव्हारा आहे. मधे गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, डाव्या टोकाला कुलदेवीचा चांदीचा टाक आणि उजव्या टोकाला मारुतीची लहान तसबीर. सणावारी सगळ्यांना ताम्हनात घेऊन आंघोळ घालायची, एरवी ओल्या फडक्याने पुसून गंध आणि फूल.

दिवाळी संपली आणि थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की टोकाचे दोन देव पूजेतून राहून जातात. ना गंध, ना फूल. आईची पूजा झालेली असायची, ती स्वयंपाकघरात माझा डबा भरत असायची आणि बाबा आंघोळीला गेलेले असायचे. आंघोळ करून आले की बाबा देवाला नमस्कार करतात, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. बाबा वाईट नाहीत, पण तोंडाने फटकळ आहेत. आईला सकाळी सकाळी बोलणी खायला लागू नयेत म्हणून मी ताटलीत उरलेली दोन फुलं उचलली, टाकाला आणि मारुतीला वाहिली, बोटाने गंध लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ती माझी सवयच झाली. आईला मी सांगितलं नाही. तिला वाईट वाटलं असतं, आणि मलाही तो विषय काढायचा नव्हता. तिचं देवातून लक्ष उडालंय की काय, असं मला मनातून वाटत होतं आणि ते विचारायची भीती वाटत होती.

असे जवळजवळ चार महिने गेले. आमच्याकडे पाळीच्या दिवसांत बाकी काही पाळत नाहीत, पण देवाला हात लावायचा नाही, एवढं आई पाळते. मी त्यातूनही वाट काढली होती. पाळी आल्याचं घरात सांगायचंच नाही आणि फुलं वाहून टाकायची. पण महाशिवरात्रीनंतरच्या त्या आठवड्यात माझं पोट इतकं दुखलं की मला ऑफिसला सुट्टी टाकावी लागली. आईनेच गरम पाण्याची पिशवी आणून दिली. लपवायला जागा उरली नाही. “पडून राहा, आणि देव्हाऱ्याकडे जाऊ नकोस,” ती म्हणाली. मी सोफ्यावर पिशवी पोटाशी धरून पडले आणि कितीतरी वर्षांनी आईची पूजा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली.

तिने मधल्या तिघांना गंध लावलं, फुलं वाहिली, हात जोडले. मन लावून करत होती. तिचं लक्ष उडालेलं नव्हतं, हे मला तिच्या पाठीवरूनही कळत होतं. मग ताटलीत उरलेली फुलं पाहून म्हणाली, “फुलवाला सुधारला हो. हल्ली रोज दोन जास्तीची टाकतो.” बाबा आंघोळ करून आले, हात जोडले आणि थांबले.

“अगं, टाक आणि मारुती तसेच? लक्ष कुठे असतं तुझं?”

“वाहिली की सगळ्यांना.”

“मग उडून गेली का?”

आईने येऊन पाहिलं, फुलं वाहिली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. या वेळी ती बाबांना म्हणाली, “मी मुद्दाम करते का हो?” तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला उठून ती दोन फुलं वाहावीशी वाटत होती. हात लावता येत नव्हता, म्हणून मी पाहत राहिले.

तिसऱ्या दिवशी तिने फार काळजी घेतली. मधली फुलं वाहून झाल्यावर एक फूल हातात धरून ती जरा थांबली, टाक कुठे आहे ते आठवत असल्यासारखी. मग तिने नुसती नजर नाही, अख्खी मान डावीकडे वळवली, आणि टाक समोर आल्यावर दचकली. इतक्या वर्षांच्या ओळखीची देवी अचानक पुढ्यात येऊन उभी राहावी तशी. ते दचकणं पाहिलं आणि माझं पोट दुखायचं थांबलं, किंवा मी ते विसरले. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तिला दिसायची नाही आणि ती “चटणी नाही वाढलीस?” म्हणून विचारायची. दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, कधी डावा, कधी उजवा. काकूंनी बाजूने हात केला आणि ती निघून गेली. हे सगळं मी सुटंसुटं पाहिलं होतं आणि सुटंसुटं झाकलं होतं. आता ते एकाच वेळी माझ्यासमोर आलं.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आईला सांगितलं, माझा चष्म्याचा नंबर तपासायचाय, तुझाही बघू. डॉक्टरबाई साठीच्या होत्या, भराभर काम करणाऱ्या. आईने तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा खडाखड वाचली. “नंबर ठीक आहे. डोळे जरा कोरडे आहेत, थेंब देते,” डॉक्टर म्हणाल्या. आई खूश झाली. “बघ, उगाच मलाही आणलंस.” बाहेर पुढचा पेशंट उभा होता. मी घरून निघताना मनात तयार केलेलं वाक्य इंग्रजीत होतं, मग मी ते मराठीत केलं, आणि आता दोन्ही भाषांत ते मनातच राहिलं होतं. आम्ही उठलो. आई पुढे होती. दारातून जाताना तिचा खांदा चौकटीवर जोरात आपटला. “दारं काय अरुंद करतात,” ती हसत म्हणाली. ते दार चांगलं रुंद होतं.

मी मागे वळले. “डॉक्टर, आईला समोरचं दिसतं. कडेचं नाही दिसत. पूजा करताना टोकाचे दोन देव राहतात.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आईला परत बसवलं. माझ्या नाकाकडे बघा म्हणाल्या आणि स्वतःचे दोन्ही हात बाजूंना पसरून बोटं हलवली. आई विचारत होती, “कुठलं बोट?” बोटं मला दारातून दिसत होती. डॉक्टरांनी मग शांतपणे मला विचारलं, “कधीपासून?”

“चार दिवस झाले,” मी म्हणाले.

पुढचं सगळं फार वेगाने झालं. कडेचं किती दिसतं त्याची तपासणी, मेंदूचा एमआरआय. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात तिथे खालून एक गाठ दाबत होती. म्हणून दोन्ही कडा गेल्या होत्या आणि मधलं शाबूत होतं. सर्जन म्हणाले, गाठ कर्करोगाची वाटत नाही, नाकातून काढता येईल, पण ही काही चार दिवसांची नाही, बरेच महिने वाढत असणार. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही हो.” मी तेव्हाही गप्प राहिले. ऑपरेशन चालू होतं ते पाच तास बाबा माझ्या शेजारी बसून स्तोत्र म्हणत होते, आणि मी पहिल्यांदा नुसते ओठ न हलवता आवाज काढून म्हटलं. चुकत होते. बाबांनी एकदाही टोकलं नाही.

गाठ साधी निघाली. दुसऱ्या दिवशी आयसीयूत नर्स आईच्या उजव्या बाजूने आली, तर आई मान न वळवता म्हणाली, “या बाईंच्या कानातल्या कुड्या किती छान आहेत.” मी बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिले. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, बरीचशी नजर परत येईल, आणि तशी ती येतेय.

चमत्कार झाला असं मला म्हणायचं नाही. पाळीच्या त्या चार दिवसांचा नियम बरोबर की चूक, हेही मी ठरवू शकत नाही. अजूनही मला तो पटत नाही. पण त्या दिवसांत कुणीतरी माझे हात धरून ठेवले होते, असं मला वाटतं. घर सांभाळायचं म्हणजे जे चुकलं ते कुणाला कळायच्या आत आपण नीट करून ठेवायचं, अशी माझी समजूत होती. ते मी प्रेमानेच करत होते. पण मी सगळं आपल्या हातात ठेवलं होतं, देवासाठी काही ठेवलंच नव्हतं. हात बाजूला झाले तेव्हा कुठे काही दिसलं. आता सकाळी मी देवापुढे बसते ती फार काही मागायला नाही. जे दाखवशील ते पाहायचं आणि घाबरून झाकायचं नाही, एवढंच मनात म्हणते.

परवा आईने पूजा केली. मी जवळच बसले होते. मधल्या तिघांचं झाल्यावर तिने सहज टाकाला फूल वाहिलं, सहज मारुतीला वाहिलं. ताटली रिकामी झाली. ती हात जोडून म्हणाली, “तुला त्याने अगदी वेळेवर दाखवलं हो. आणि तू चार दिवसांत ओळखलंस. दुसरं कुणी असतं तर महिने गेले असते.”

घरात आम्ही दोघीच होतो. विषय बदलायला पुष्कळ काही होतं, कुकरची शिट्टीसुद्धा झाली. मी उठले नाही.

“आई, चार दिवस नाही. दिवाळीपासून मला दिसत होतं. तुझ्यामागून मी रोज ती दोन फुलं वाहत होते. तुला विचारायची भीती वाटली म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही.”