मावशीचं धान

तोल सांभाळण्यात माझ्या बायकोच्या मावशीची बरोबरी करील असा माणूस साऱ्या झाडीपट्टीत सापडायचा नाही. हे मी उगाच म्हणत नाही. मोजल्यावाचून बोलायची मला सवय नाही. धानाच्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, निसरड्या अरुंद धुऱ्यावरून डोक्यावर शिदोरीची टोपली, काखेत कोंबडी आणि तोंडात गाणं घेऊन ती अशा संथपणे जाते, की शेजारचा बगळा नुसती मान वळवून बघतो, उडत नाही. कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला तेव्हाही तिला काळजी पडली ती या तोलाचीच. नागपूरच्या डॉक्टरांनी नवा स्तन करून देतो म्हटलं होतं. "रोवणी तोंडावर आली अन् मी इथी पडून राहू?" म्हणत ती गावी परतली. चौकशीला येणाऱ्या बायांना ती शांतपणे सांगे, "ते नागपूरलेच राह्यलं. त्याले शहर मानवलं."

मग जुन्या लुगड्याची, चोळीत बसेल अशी उशी शिवून, तिच्यात घरचं धान भरून ती चंद्रपूरला आमच्याकडे आली. कारण आमच्या स्वयंपाकघरात वजनकाटा आहे आणि तिच्या मते त्यावर खरं वजन फक्त मीच सांगतो. "जवाईबापू, बराबर मोजा. नाई तं मी एकीकडेच कलून राह्यली." मी मान खाली घालून काट्याशी बसलो. मावशी आतल्या खोलीत उशी लावून फेऱ्या मारायची आणि माझी बायको उशी बाहेर आणून द्यायची. "चिमूटभर काढा!" आतून हुकूम यायचा. थोड्या वेळानं, "लय काढलं, भूक लागल्यावानी झालं!" शेवटी दोन्ही बाजू जमल्या तेव्हा ती खोलीतून बाहेर आली ती गात.

त्या पावसाळ्यात धानाच्या रोपांची रोवणी करताना उशी चिंब भिजली. संध्याकाळी मावशीनं ती काढून चुलीजवळ टोपलीखाली ठेवली आणि विसरली. बियाण्याला मोड आणायची आमच्याकडची रीत हीच: भिजवायचं, फडक्यात बांधायचं, उबेला ठेवायचं. व्हायचं तेच झालं. आठवण होऊन टोपली उचलली तर लुगड्याच्या विणीतून पांढरे कोंब बाहेर डोकावत होते. दुसरी कोणी असती तर उकिरड्यावर टाकून मोकळी झाली असती. "माह्या अंगच्या उबेचं हाय, फेकू कशी?" म्हणून मावशीनं ते बांधीच्या कोपऱ्यात लावलं. पुढच्या उशीत मात्र तिनं उकडून वाळवलेलं धान भरलं. तेव्हापासून दर वर्षी त्या कोपऱ्याचं बी वेगळं राखायचं आणि तिथेच पेरायचं, हा तिचा नेम. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर बसून ती त्या कोपऱ्याकडे बघत राहते. धुकं उतरतं, जंगल निळं होत जातं, आणि ती मध्येच म्हणते, "तिथी माह्यंच कोणी उभं हाय असं वाटते."

गेल्या वर्षी तोच आजार माझ्या बायकोला निघाला. स्तन काढायचा, आणि त्याच वेळी पोटावरचं मांस घेऊन नवा करायचा, असा मार्ग डॉक्टरांनी सुचवला. माझी बहीण म्हणाली, "या वयात कोणाले दाखवाचं हाय?" बहीण गेल्यावर बायको मला मात्र म्हणाली, "आंघोळीच्या वेळी मलेच दिसते ना. मले पाहिजे." पण तिला धास्ती होती मावशीची. आपली मावशी उशीवर भागवून रोवणीला उभी राहिली, ती हसेल. तेवढ्यापायी ती नको म्हणायला निघाली होती.

मावशी आली. पोटावरचं वर लावतात हे तिनं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारून घेतलं, आणि मांडीवर थाप मारली. "अवो, हे तं रोवणीच झाली! रोप पऱ्ह्यातून काढाचं अन् बांधीत लावाचं. काऊन घाबरून राह्यली?"

"तू नाई केलंस ना, मावशी."

"माह्यी बांधी मी पडीक ठेवली. तुह्यी काऊन ठेवतेस? धरते का, येवढंच डॉक्टरले विचार."

दवाखान्यात ती उशाशी बसून होती. जोडलेली जागा गरम आहे ना, हे नर्सबाई वरचेवर हात लावून बघत. मावशी प्रत्येक वेळी विचारी, "धरलं का, बाई?" नर्सबाई आधी हसायच्या, नंतर विचारायच्या आतच सांगू लागल्या, "धरलं, आजी."

कार्तिकात आम्ही गावी गेलो. धान लोंब्यांनी वाकलं होतं. संध्याकाळी दोघी पाळीवर बसल्या. मी जरा लांब, पाठ करून, तलावातली शिंगाड्याची पानं बघत होतो. पुढचं मला बायकोनं सांगितलं. मावशीनं विचारलं, "पाहू?" आणि बायकोच्या पदराखाली तळहात ठेवला. बायकोला वाटलं, आता काहीतरी चावट ऐकायला मिळणार. पण मावशीनं हात बराच वेळ तसाच ठेवला.

"गरम हाय वो," ती म्हणाली.

मग हात काढून तिनं स्वतःची उशी पदराआड सारखी केली आणि कोपऱ्यातल्या धानाकडे बघत राहिली. परतताना धुऱ्यावरून ती नेहमीसारखीच पुढे चालली होती, तोल जराही न ढळता. फक्त त्या दिवशी गात नव्हती, आणि तिचा तोच तळहात मिटलेला होता.