पाठीवरचं ‘लीस’

नोकरीत शेकडो तपास केले. चोऱ्या, मारामाऱ्या, अपघात... त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका जॅकेटाचा तपास मात्र मला अगदी हजेरीपासून अहवालापर्यंत आठवतो. कारण त्यात चोरी झाली की नाही, हेच मला शेवटपर्यंत धड ठरवता आलं नव्हतं.

तेव्हा मी जव्हार आणि मोखाड्याच्या मधल्या एका लहान पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. माणसांची नावं देत नाही. तिकडच्या वाचकांना ती द्यायची गरज नाही आणि इकडच्यांना त्यांचा उपयोग नाही.

सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तोच वरिष्ठांचा फोन आला.

“तुमच्या हद्दीतली ती गाणारी मुलगी. व्हिडिओ बघितलात?”

ती मुलगी कोणाला माहीत नव्हती! सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरची ही पोरगी आपल्या बोलीतली गाणी ठेका धरायला लावणाऱ्या चालीत गायची. आधी हळदी-लग्नांत, मग मोबाइलवर, मग मोठमोठ्या स्टेजवर. पेपरवाले तिला पॉपस्टार म्हणायचे. तिच्या गाण्याइतकाच तिचा पोशाख गाजला होता. पोपटी रंगाचं जॅकेट, बाह्यांना लाल गोंडे, गळ्याभोवती कवड्या आणि अंगभर रुपेरी पट्टे. स्टेजवरचा दिवा पडला की ते पट्टे असे झळाळायचे की शेवटच्या रांगेतल्या माणसानेही डोळ्यांवर हात धरावा. आणि ती गिरकी घेऊन पाठमोरी झाली की पाठीवर ठळक अक्षरं दिसायची: ‘लीस’.

जव्हारच्या बाजारात ‘लीस’ छापलेले टीशर्ट विकायला आले होते. कॉलेजची पोरं एकमेकांना “काय लीस?” म्हणून हाक मारत होती.

“पाठीवर काय लिहिलंय?” वरिष्ठांनी विचारलं.

“लीस, साहेब. त्यांच्या बोलीत विजेला म्हणतात, असं पेपरात आलं होतं.”

“अस्सं? म्हणजे मग आपण सगळे काय, पो-वीज?”

मी खुर्चीत ताठ बसलो. गेले दोन महिने मी तो व्हिडिओ बघत होतो आणि माझ्याच खात्याचं नाव मला वाचता आलं नव्हतं.

“नाकाबंदीला वापरतो ते आपलं रेडियम जॅकेट आहे ते,” वरिष्ठ म्हणाले. “सरकारी मालमत्ता स्टेजवर नाचतेय. आठ दिवसांत अहवाल पाठवा.”

साहित्याची नोंदवही काढली. ठाण्याला पाच जॅकेटं मिळालेली. पेटीत चार. पाचव्यापुढे आमच्या सर्वांत जुन्या हवालदारांची सही होती. हवालदार अंगाने भारदस्त, बोलायला मोजके, आणि निवृत्तीला चार महिने राहिलेले. इतक्या वर्षांत त्यांच्याविरुद्ध साधी तोंडी तक्रारही नव्हती. मी त्यांना समोर बसवलं.

“जॅकेट कुठे आहे?”

“धुऊन दोरीवर टाकलं होतं, साहेब. वाऱ्याने नेलं.”

“मग नोंद का केली नाही?”

“वाऱ्याविरुद्ध?”

खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. सराईत माणूस खोटं सांगताना डोळ्यांत बघतो. हवालदार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. हा माणूस खोटं बोलतोय आणि त्याला ते जमत नाही, एवढं मला कळलं. मी तो विषय तेवढ्यापुरता सोडला. गावाकडच्या तपासात घाई केली की माणूस गप्प होतो, आणि दोन दिवस दम धरला की दुसराच कोणीतरी बोलतो.

तसंच झालं. मोखाड्याच्या आठवडे बाजारातून आमच्या खबऱ्याने बातमी आणली: एक शिंपी गिऱ्हाइकांना छाती पुढे काढून सांगतो की तो प्रसिद्ध पोशाख त्याच्या मशीनवर शिवला गेला.

शिंप्याला ठाण्यात बोलावलं. आल्याबरोबर त्याने हात जोडले.

“साहेब, कापड गिऱ्हाइकाचं, शिलाई माझी. गिऱ्हाइकाला कापड कुठनं आणलं, हे मी विचारत नाय.”

“पाठीवर पोलीस लिहिलेलं दिसलं नाही?”

“दिसलं ना! म्हणून तर पूर्ण पुसायला बघत होतो. पण जॅकेट केवढं ढगळं! डावी बाजू काट्यांत फाटलेली. तेवढी कापून पोरीच्या मापाचं केलं, तर ‘पो’ काखेत गेला, साहेब. ‘लीस’ पण दुसऱ्या काखेत घालणार होतो, पण मग पोरीला हात वर करता येईना.”

जबाब लिहून घेणाऱ्या शिपायाने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. “काखेत गेला” हे शब्द जबाबात जसेच्या तसे घ्यायचे का, असं त्याने मला फार गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, घ्या.

तिसऱ्या दिवशी ती गायिका स्वतःहून ठाण्यात आली. मी समजलो होतो, सोबत वकील असेल, निदान दोन-चार चाहते. ती एकटीच जीपमधून उतरली. साध्या सलवार-कुडत्यात, पायात रबरी चपला. ठाण्यातली सगळी माणसं काही ना काही निमित्त काढून माझ्या खोलीवरून दोनदोनदा जाऊन आली.

“ते जॅकेट जमा करावं लागेल,” मी म्हणालो.

“माझ्याकडं नाय, साहेब. ते आईचं हाये. मला कार्यक्रमापुरतं मिळतं.”

“आईकडे कुठून आलं?”

ती दाराकडे बघायला लागली. दारात हवालदार उभे होते. तिने नजर परत आणली आणि म्हणाली, “उद्या सकाळी लवकर पाड्यावर या. आईलाच विचारा.”

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी आम्ही निघालो. मी, चालक आणि मागे हवालदार. दिवस कडक उन्हाळ्याचे, पण घाटात त्या वेळी गारवा होता. मी मनातल्या मनात जप्तीच्या पंचनाम्याची वाक्यं जुळवत होतो. एका वळणावर चालकाने अचानक करकचून ब्रेक मारला. माझं कपाळ काचेवर आपटता आपटता वाचलं.

जीपच्या दिव्यात समोर रुपेरी पट्टे झळाळत होते. गोंडे हलत होते, कवड्या वाजत होत्या. सगळ्या जिल्ह्यात गाजलेला तो पोशाख लुगड्यावर चढवून एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती. तिच्या मागे आणखी पाच बायका, तशाच हंडे घेतलेल्या. त्या पाच जणी आम्हाला दिसल्या त्या ब्रेक लागल्यावरच.

चालकाने कपाळावरचा घाम पुसला. “साहेब, पट्टे चमकले नसते तर...” एवढंच म्हणाला.

मी खाली उतरलो. ती बाई माझ्यावरच खेकसली. “काय रं सायेब, केवढ्यानं गाडी थांबवतो! माझ्या मागची बाय दचकली, हंडाभर पाणी सांडलं.”

हवालदार पुढे झाले आणि रस्त्यातच त्यांनी कबुलीजबाब दिला. दोन वर्षांपूर्वी याच वळणावर ते नाकाबंदीला होते. एका भरधाव जीपचा आरसा या बाईच्या कोपराला घासून गेला. पाण्यासाठी रोज पहाटे हाच रस्ता, हे कळल्यावर त्यांनी अंगातलं जॅकेट काढून तिच्या अंगावर घातलं. “तू पुढं चाल आणि बाकीच्यांना मागं घे, म्हणालो. नोंद करायची राहून गेली, साहेब.”

“आणि स्टेज?” मी विचारलं.

उत्तर बाईनेच दिलं. “पोरीचा पहिला मोठा कार्यक्रम होता. रडाया लागली, मागच्या लोकास्नी मी कशी दिसू? म्हटलं, हे घालून जा. जीपवाल्याला दिसती, तर माणसाला दिसणार नाय?”

पंचनाम्याचा कागद मी खिशातून काढलाच नाही.

अहवाल लिहायला मला पूर्ण दिवस लागला. हवालदारांनी नोंद न करता जॅकेट दिलं, हे मी स्पष्ट लिहिलं. पुढे लिहिलं: ‘सदर जॅकेट आजमितीस याच हद्दीत वाहनचालकांना सावध करण्याच्या कामी दररोज पहाटे वापरात आहे. त्याची उपयुक्तता अस्मादिकांच्या जीपवर सिद्ध झाली आहे. सायंकाळी त्याचा इतर वापर होतो.’ पाठवल्यावर वाटलं, आता हवालदारांची चौकशी लागते आणि माझी बदली.

आठवड्याने कागद परत आला. वर शेरा होता: ‘हवालदारास तोंडी समज द्यावी.’ त्याखाली वरिष्ठांच्याच अक्षरात एक ओळ: ‘मागे चालणाऱ्या पाच बायकांचे काय?’

महिन्याभरात पाच नवी जॅकेटं आली, या वेळी रीतसर नोंदीसह. हवालदारांना मी तोंडी समज दिली. ती अशी: “चला, वाटायला तुम्हीच यायचं.”

पाड्यावर बायकांनी जॅकेटं उलटसुलट करून पाहिली. एकीला पाठीवरची पूर्ण अक्षरं पसंत पडेनात. “आमचं पण काखेत घालून आणा की,” ती म्हणाली, आणि सगळ्या जणी हसत सुटल्या. गायिकेची आई मात्र हसली नाही. जॅकेटाची घडी हातात धरून ती मला म्हणाली, “हे बरं केलं, सायेब. पण पाणीच पाड्याजवळ आणलं, तर आमाला रस्त्यावर दिसायचीच गरज नाय.”

पाण्यासाठी मी तहसील कचेरीला पत्र लिहिलं, पुन्हा लिहिलं, आणि पुढे माझी बदली झाली.

प्रशिक्षणात आम्हाला प्रश्न शिकवले होते: कोण, कधी, कुठे, कसं. वस्तू कुठून आली, हे मी आयुष्यभर लोकांना दरडावून विचारलं. ती कशाला लागली, हे विचारायला मात्र मी त्या वळणानंतर शिकलो. त्याने गुन्हा पुसला जात नाही. पण कधी कधी कळतं की ज्याच्यामागे आपण धावतोय तो चोर नाही, आणि ज्याच्याबद्दल खरी तक्रार घ्यायला हवी, त्याचं नाव कोणीच ठाण्यात येऊन सांगत नाही.