बाजूला काढून ठेवलेला रिसीव्हर

मी तोंडाचा फटकळ, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. पंपांच्या कंपनीत माझं काम गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं. दिवसभर लोक माझ्यावर खेकसणार आणि मी गोड बोलणार. दीडला डबा उघडला की मग कुणाचाही फोन नको वाटायचा. आणि नेमका तेव्हाच आईचा फोन यायचा.

आई लोणी काळभोरला एकटी राहायची. मोबाइल मी कामात उचलत नाही म्हटल्यावर तिने ऑफिसचा फोन धरला. मशीन सांगायचं, आतला नंबर दाबा. तिने माझा नंबर पाठच करून टाकला. आणि विचारणार काय, तर जेवलास का, भाजी कोणती, आवाज का बसलाय. अरे देवा! पन्नाशीला आलेल्या माणसाला रोज हे?

मग ऑफिसात फोनची नवी यंत्रणा बसली. बसवणाऱ्याने समजावलं, एक फोन बिझी असला की कॉल आपोआप शेजारच्या टेबलावर जातो, गिऱ्हाईक ताटकळत नाही.

मी लगेच विचारलं, "आणि नुसता रिसीव्हर काढून ठेवला तर?"

"मशीनला काय कळतंय? त्याला वाटणार, तुम्ही बोलताय."

झालं! दुसऱ्या दिवसापासून दीडला पाच कमी असताना मी रिसीव्हर काढून टेबलावर आडवा ठेवायला लागलो. आईचा फोन शेजारच्या बाईंकडे जायचा. बाई निवृत्तीला आलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हातानेच 'नाही म्हणा' अशी खूण केली. "ते दुसऱ्या फोनवर आहेत," त्यांनी आईला सांगितलं. नंतर मी तिकडे बघणंही सोडलं. तिथेच टेबलाशी मित्रांबरोबर डबा खायचा, मॅनेजरच्या नकला करायच्या, खो खो हसायचं. वर्षभर हे असंच चाललं.

गेल्या वर्षी आई झोपेतच गेली. तेरावं उरकून मी कामावर आलो. दीड वाजला, डबा उघडला. काहीतरी बोलायचं म्हणून बाईंना म्हणालो, "माझ्या आईचा तुम्हाला रोजचा त्रास झाला."

"मला कसला त्रास?" बाई म्हणाल्या. "दोन वाक्यं बोलायच्या. मग म्हणायच्या, ताई, फोन तसाच धरा जरा. मी रिसीव्हर तुमच्याकडे करून धरायची."

"म्हणजे? मी इथेच आहे, हे तिला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं त्यांना. तुमचा आवाज काय लहान आहे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, ही बाई आता मला दोन शब्द सुनावेल तर बरं. पण त्यांनी डोळे पुसले.

"मी एकदा म्हटलंही, आई, बोलावू का त्यांना? तर म्हणाल्या, नको गं बाई, चिडतोय तो माझ्यावर. हसतोय तवर ऐकू दे."