माळावरची वाकडी ओळ आणि आक्काची चूल

कौलांच्या धंद्यात एक गोष्ट ठरलेली. गाडी घाट चढून कोल्हापुरात पोचेपर्यंत थोडी कौलं फुटतातच. ती विकता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. मग वखारीच्या मागं त्यांचा ढीग वाढत जातो. आमच्या घरं बांधणाऱ्या मंडळीच्या किश्श्यांचं तसंच झालंय. आज बसलाच आहात, तर ढिगातली दोन-चार काढून दाखवतो.

आधी मंडळी कोण ते सांगतो. महाराजांच्या राज्यात प्लेग आला, तेव्हा सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं. साथ ओसरली. ज्यांची घरं धड होती ते परतले. ज्यांची पडली, ते तिथंच उसाच्या पाल्याखाली राहिले. त्यांच्यासाठी आम्ही पाच जणांनी पक्की घरं बांधायला घेतली. भाडं एवढंच, की डागडुजी निघावी. नफा कुणी घ्यायचा नाही.

जमीन आबा पाटलांची. गवंडीकाम हुसेन मिस्त्रींचं. कौलं आणि लाकूड माझं. शाळेचे मास्तर प्रेसिडेंट. आणि पाचवी आक्का, बाजारात हमालांना भाकरी-आमटी करून घालणारी. आक्का नसती तर आम्ही चौघं अजून मीटिंगच करत बसलो असतो!

*

सुरुवातीला एक गूळवाले व्यापारी वखारीत आले. बसल्या बसल्या विचारलं, "शेट, त्या घरांत तुमाला काय सुटतंय?"

म्हटलं, "काही नाही."

"मग कौलाचा भाव चढवून लावला असणार!"

"आणली त्या भावात दिली."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, जवळ सरकले आणि आवाज बारीक केला. "मग आतली गोष्ट काय हाय ती तरी सांगा की. कुणाला बोलत न्हाय मी."

मी जोतिबाची शपथ घेतली, आतलं-बाहेरलं काही नाही म्हणून. ते उठले, टोपी चढवली आणि दारातून म्हणाले, "भागीत घ्यायचं न्हाय तर न्हाय म्हणा! देवाला कशाला मधी वडताय?"

*

आबा पाटलांनी जमीन दिली ती एका दमात. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दोरी लावली, तर आबा धावत माळावर हजर! दोरीच्या वाटेत त्यांच्या आजानं लावलेला आंबा येत होता.

मिस्त्री म्हणाले, "आबा, जमीन दिलीसा नव्हं?"

"दिली की."

"मग ह्यो आंबा?"

"जमीन दिली. आंबा कुठं दिला?"

दोघं आंब्याखाली बसले, तंबाखू मळली, खाल्ली. शेवटी दोरीच वाकली. म्हणून आमच्या घरांची ओळ मधेच कंबरेत लचकल्यासारखी आहे. नवखा माणूस विचारतोच, "पावणं, ही ओळ अशी वाकडी कशानं?" तर मिस्त्री आंब्याकडं बोट करतात. "त्या म्हाताऱ्याला इचारा. म्या सरळच लावलीती!"

*

नियम मास्तरांनी घातला. मंडळीतल्या कुणी त्या घरांत राहायचं नाही, नाहीतर लोक म्हणतील, ह्यांनी स्वतःचीच सोय केली.

सगळ्यांच्या आधी आक्का ओरडली, "बराबर हाय! आपल्यातला कुणी घरात शिरला तर तंगडं मोडीन!"

आणि माळावर पाल्याखाली आमच्यातलं कोण राहत होतं, तर एकटी आक्का! तिचा मुलगा प्लेगात गेला. गावातलं घर पडलं. सून आणि दोन नातवंडं घेऊन ती त्या झोपडीत.

मिस्त्री चाचरत म्हणाले, "आक्का, तुझं काय मग?"

"माझं काय? पंगतीत वाढणारा आधी पानावर बसतोय व्हय रं? मिस्त्री, तू माती कालव!"

*

घर पुरं झालं की नाही, हे ठरवणं आक्काकडं. तिची रीत एकच. लाकडं घेऊन आत जायचं, दार लावायचं, चूल पेटवायची आणि भाकरी भाजायची. डोळ्यांत पाणी आलं की घर नापास! मग मिस्त्रींनी भिंत फोडून धुराडं नव्यानं काढायचं. घर कुठल्या जातीच्या माणसाला जायचंय, हे तिनं एकदाही विचारलं नाही. धूर तेवढा विचारायची.

पहिल्याच घराला मिस्त्रींची भिंत दोनदा फुटली. तिसऱ्यांदा आक्का डोळे पुसत बाहेर आली, तसे ते भडकले. "मुद्दाम वली लाकडं आणतीस काय गं आक्का?"

"मग? ऱ्हायला येणारा काय चंदन जाळणार हाय?"

पुढं पुढं मिस्त्री हातोडा घेऊन दाराशीच उभे राहायला लागले. आक्काचा डोळा ओला दिसला की हे विचारायच्या आधीच आत!

*

आजऱ्याकडचा एक हमाल होता. त्याला घर दिलं. दोन दिवसांनी आक्का बघायला गेली, तर हा बाहेर घोंगडं पसरून बसलेला, बायको बाहेर, आणि आत बकरी!

"असं काय रं?"

हमाल लाजला. "नवं कोरं घर हाय आक्का. आमी वावरलो तर मळंल की."

"आणि बकरी?"

"ती लहान हाय."

आक्कानं पदर खोचला. "ऊठ! आत हो! न्हायतर घर बकरीच्या नावावर करते, मग तिला इचारून आत जा!"

*

शेवटचं घर राहिलं, आंब्याला लागून. मास्तरांनी त्याच्याच दारात मीटिंग बोलावली. आक्का ताकाचं मडकं घेऊन जरा उशिरा आली, तोवर आम्ही ठराव उरकून घेतला होता.

मास्तर तिला तसेही भ्यायचे. भिंतीकडं बघत त्यांनी वाचलं, "आक्कांना आजपासून मंडळीतून काढून टाकलं आहे. सर्वानुमते."

मडकं तिनं दाणकन खाली ठेवलं. "काय चोरलं मी तुमचं?"

मास्तरांनी कागद माझ्याकडं सरकवला. मग मीच म्हटलं, "आक्का, मंडळीतल्या माणसाला घर देता येत नाही. आता तू मंडळीत नाहीस."

तिनं पदर झटकला. मग म्हणाली, "मला नगं. म्या सांगितलंतं, वाढणाऱ्यानं..."

आबा पाटील मधेच बोलले. "आक्का, पंगत उठली. वाढणारा काय उपाशी झोपतोय? शेवटी त्योबी जेवतोच की!"

आक्कानं दाराशी पडलेली लाकडांची मोळी उचलली. "आधी चूल बघू दे. धूर कोंडला तर घर घ्यायची न्हाय मी!"

आत गेली. दार लावलं. आम्ही आंब्याखाली उभे. मिस्त्री हातोडा घेऊन दाराशी. बराच वेळ झाला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येईना.

दार उघडलं. आक्काच्या दोन्ही डोळ्यांतून धारा!

मिस्त्री सवयीनं हातोडा उगारून आत घुसले. "काढतो! आक्का, लगीच धुराडं काढतो!"

आक्का दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"हात लाव भिंतीला, मग बघ! मेल्या, चूल अजून पेटवलीय कुठं?"