ऐकून राहिले

आमच्या मंडळीत देवापेक्षा नेटवर्कचं नाव जास्त घेतलं जातं, असं मी एकदा भर सभेत बोलून गेले. तेव्हापासून पास्टर माझ्याशी जरा जपूनच बोलतात. बोलू देत. मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होते. गोड बोलून सुई टोचायची कला मला कधी जमली नाही, आता या वयात काय जमणार.

नोकरी संपली आणि मी आमगावला घरी येऊन राहिले, पण 'सिस्टर' हे नाव काही सुटलं नाही. दवाखान्यात सिस्टर, चर्चमध्येही सिस्टर. नोकरीची शेवटची वर्षं केशोरीच्या बाजूला गेली. तिथेच ही पोरगी मला भेटली. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं तिचं. औषध देऊन झालं होतं, माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी तिच्या खाटेशी बसून प्रार्थना करत होते. डोळे मिटलेलेच होते, आणि ती पडल्या पडल्या म्हणाली, "सिस्टर, कोणाशी बोलून राहिल्या तुमी?" मी सांगितलं. तर म्हणे, "मंग माझ्याविषयी भी सांगा ना त्याले."

तिथून सुरुवात. पुढे ती बरी झाली, एक मुलगी झाली, आणि मी महिन्यातून एकदा तिच्या घरी जायला लागले. शिकवणं-बिकवणं असं काही मोठं नव्हतं. परसात बसून लाखोळीच्या शेंगा सोलायच्या, मध्येच शुभवर्तमानातला एखादा भाग वाचायचा, तिनं प्रश्न विचारायचे आणि मला येईल ते मी सांगायचं. येत नसेल तर 'येत नाही' म्हणायचं. तिचा नवरा धानाचा शेतकरी, माणूस सरळ. मी गेले की लोट्यात पाय धुवायला पाणी आणून द्यायचा, 'बसा सिस्टर' म्हणायचा, आणि मी पुस्तक काढलं रे काढलं की सायकल घेऊन पसार. विरोध नाही, भांडण नाही, पण बसायचा नाही. तिची इच्छा एकच होती. "हे एकदा माझ्याजवळ बसून ऐकतीन ना सिस्टर, मंग मले दुसरं काही नाही पाहिजे." दर प्रार्थनेत हेच. मी तर कंटाळून मनात म्हणायची, बाई, देवाकडे जरा दुसरंही काही माग.

मग आलं ऑनलाइन. पुण्याच्या एका संस्थेशी आमच्या मंडळीनं जोडून घेतलं. शिष्यत्वाचे धडे मोबाइलवर, प्रत्येक विश्वासणाऱ्याला एक मार्गदर्शक, आठवड्यातून ठरलेल्या वेळी दोघांचं बोलणं, धडा झाला की नावापुढे हिरवी खूण. सगळे धडे हिरवे झाले की बाप्तिस्मा. मी म्हटलं, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. तर पास्टर म्हणाले, "सिस्टर, आपके घुटने भी तो दुखते हैं. कहाँ आमगाव, कहाँ केशोरी. अब सब घर बैठे हो जाएगा." गुडघे दुखतात हे खरंच होतं. आमगावहून गोंदिया, तिथून अर्जुनी मोरगाव, आणि तिथून मिळेल त्या वाहनानं केशोरी. एका दिवसात जाऊन आलं की दुसरा दिवस मलम चोळण्यात जायचा. मी गप्प बसले. पोरीला पुण्याची एक मार्गदर्शक मिळाली, आवाजावरून विशीतली, दर वाक्याला 'बघा ना' म्हणणारी.

आता खरं बोलते, कारण खोटं बोलून माझा राग मोठा दाखवायची मला हौस नाही. जे मला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते त्या मोबाइलनं केलं. झालं असं की तिच्या घरात नेटवर्क येत नाही. गावाबाहेर तलावाची पार आहे, म्हणजे मातीचा उंच बांध, त्या पारीवर चढलं की टॉवर सापडतो. बाईमाणूस संध्याकाळी एकटी पारीवर जाऊन फोनवर बोलते म्हटलं की गावाच्या तोंडाला हात कोण लावणार. सासू म्हणाली, एकटी नाही जायचं. म्हणून नवरा सोबत जायला लागला. फोनही त्याचाच, घरात तेवढा एकच फोन. कानात घालायचं यंत्र नव्हतं, म्हणून स्पीकर लावून बोलायची. आधी तो लांब बसला, तोंडात तंबाखूचा खर्रा, तोंड पाण्याकडे. मग जरा जवळ. मग एक दिवस खर्रा थुंकून आला आणि तिच्या बाजूला बसला.

त्या संध्याकाळी तिनं मला आवाजी निरोप पाठवला. मी चहा टाकला होता. "सिस्टर, ऐकून घ्या. हे भी मांगं मांगं येऊन राहिले, माझ्याजवळ बसून राहिले, ऐकून राहिले." बस, एवढंच. मागून बेडकांचा आवाज. मी तो निरोप पुन्हा लावला, पुन्हा लावला, आणि चहा उतू गेला. रडू आलं मला. म्हटलं, देवा, तुला मोबाइलच पाहिजे होता तर आधी सांगायचं, माझे गुडघे तरी वाचले असते.

पुढचे काही आठवडे मी खुशीत होते. मोबाइलला नावं ठेवणं बंद केलं, पास्टरांशीही बरं बोलले. आणि मग एकदा सहज फोन केला, विचारलं, "काय म्हणून राहिले तुझे घरचे?"

ती म्हणाली, "आता नाही येत हे."

"काऊन?"

"पुण्याच्या ताईनं नाही म्हटलं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. तिला दोन-तीनदा विचारलं तरी ती तेच सांगत राहिली, आणि ताईवर राग नको करा असंही म्हणाली. मी पुण्याला फोन लावला. ती मुलगी इतकी आनंदानं बोलली की मला काय बोलावं कळेना. "ताई, तुम्हाला कळलं ना? खूप नाजूक केस होती, पण देवाच्या कृपेनं सुटली. त्यांच्यावर नवऱ्याची पाळत होती."

"कोणाची पाळत?"

"त्या स्वतःच म्हणाल्या ना मला. हे मागे मागे येऊन राहिले, बसून राहिले, ऐकून राहिले. म्हणजे बघा ना, हलतच नाहीत तिथून. एखाद्या बाईला देवाशी बोलायलाही मोकळीक नाही. मी त्यांना सांगितलं, हा वेळ फक्त आपल्या दोघींचा आहे. आता त्या एकट्या येतात."

मी कपाळावर हात मारला, खरोखरचा. तिला समजावलं. अगं बाई, आमच्याकडे 'बसून राहिले' म्हणजे बसले आहेत. 'ऐकून राहिले' म्हणजे ऐकताहेत, आत्ता, या घटकेला. हटत नाहीत, पाळत ठेवतात असा त्याचा अर्थ नाही. मी जेवून राहिले, तू बोलून राहिली, पाऊस येऊन राहिला, आम्ही असंच बोलतो. ती तक्रार करत नव्हती. ती तुला तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी सांगत होती.

ती म्हणाली, "अय्या." आणि मग, "पण ताई, नियम तसाच आहे. सत्र खाजगीच असतं. त्यांना ऐकायचं असेल तर त्यांनी वेगळी नोंदणी करावी, त्यांना पुरुष मार्गदर्शक मिळेल." मुलगी वाईट नव्हती. घाबरली होती, आणि घाबरलेली माणसं नियमाला चिकटतात, हे मी दवाखान्यात खूप पाहिलं आहे. पण माझं टाळकं सरकलं ते सरकलंच.

तरी म्हटलं ठीक, नोंदणी तर नोंदणी. चष्मा लावून बसले. त्याचं नाव टाकलं, गाव टाकलं, फोन नंबर टाकला. पडद्यावर आलं, हा नंबर आधीच नोंदलेला आहे. असणारच, फोन एक आणि माणसं दोन. दुसरा नंबर मागतो. दुसरा नाही. मग ईमेल मागतो. धान पिकवणाऱ्या माणसाला ईमेल कायले लागते, तो काय तलाठ्याला पत्रं लिहितो? मदतीच्या नंबरवर फोन केला तर एक बाई म्हणाली, कुटुंबातल्या दुसऱ्या सदस्याचा मोबाइल वापरा. मी म्हटलं, दुसरी सदस्य त्याची आई आहे, आणि तिच्याकडे मोबाइल नाही, बैल आहेत, ते चालतील का. तिनं फोन ठेवला.

पास्टरांकडे गेले. ते ऐकून म्हणाले, "सिस्टर, छोटी सी बात है. बहन के तो सब धडे हरे हो रहे हैं." हरे होऊन राहिले, हो. त्या पोरीनं मागितलेलं एकुलतं एक हातातून गेलं, आणि यांना हिरवळ दिसते. मी तिथे जे बोलले ते इथे लिहीत नाही. घरी आले, पिशवी भरली, आणि सकाळची गाडी पकडली.

केशोरीला पोचेपर्यंत दुपार झाली. पोरगी दारातच होती. मला पाहून हसली, पण तिचं तोंड उतरलेलं होतं. आत नेऊन हळूच म्हणाली की आता पारीवर एकटी जाते, कानात घालायचं यंत्र ताईनं पाठवलं आहे, आणि गावात बायका विचारतात, नवऱ्याला दूर ठेवून ही कोणाशी बोलते. सासूनं परवाच सांगितलं, हे बंद कर. "मले त समजेच ना सिस्टर, मी काय चुकीचं बोलली म्हणून त्यायले उठवलं." मी सांगितलं, तू काही चुकीचं बोलली नाहीस, बाई. तुझं बोलणं त्यांना कळलं नाही. ती म्हणाली, "मराठीतच त बोलली ना."

नवरा मागच्या अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. मला पाहिलं, उठला, लोट्यात पाणी आणून दिलं, पुन्हा पंपाशी जाऊन बसला. या वेळी मी पुस्तक काढलंच नाही. त्याच्या समोर फरशीवर बसले, गुडघे गेले खड्ड्यात. सरळ म्हणाले, "बावा, चूक आमच्या लोकांची झाली. तिच्यावर राग ठेवू नको. संध्याकाळी तू चल तिच्यासोबत, मी येते तुमच्यासोबत पारीवर. कोण उठवते ते पाहू."

"राग नाही जी," तो पंपाची नळी पुसत म्हणाला. "पण मले ऐकू आलं ना. फोन स्पीकरवर होता. ते बाई म्हणली, मांगं कोणी हाय का, त्यायले आधी जायले सांगा. मीच हावो तठी बसून. मंग उठलो अन् आलो घरी. आता कायले येऊ."

मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण तेवढ्यानं काही भरून निघालं नाही हे दोघांनाही दिसत होतं. पोरगी चहा घेऊन आली, आमच्या मध्ये ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तो तिच्याकडे न पाहता मला म्हणाला, "सिस्टर, एक विचारू का? हिले नाही विचारलं मी. मले उठवल्यावर हिले कायले विचारू."

"विचार ना."

"त्या दिवशी एका बापाची गोष्ट चालू होती. देव तसाच बाप हाय म्हणे. दोन पोट्टे होते त्याले. लहान्यानं आपला हिस्सा मांगून घेतला अन् गेला निंगून. सगळं उडवलं. मंग कोणाचे डुकरं चारून राहिला होता, अन् डुकराचं खाणं भी त्याले कोणी देऊन नाही राहिलं. तठीच मले उठवलं." त्यानं नळी खाली ठेवली. "तो घरी गेला का?"

मी चहाचा एक घोट घेतला. "गेला," मी म्हटलं.

"बापानं घेतलं का घरात?"

"बाप वाटच पाहून राहिला होता. पोरगा दूर होता तेव्हाच त्याला दिसला. तर म्हातारा धावत गेला. पोरगा माफी मागायला लागला, ते पुरतं बोलूही दिलं नाही. गळ्यात पडला. चांगले कपडे घालायला लावले, पायात जोडे दिले, अन् घरात नेऊन जेवण केलं."

"बाप धावत गेला?"

"हो."

त्यानं बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"असा बाप हाय त्यायचा," तो म्हणाला, "त मंग मले काऊन उठवलं?"