तीन शेपट्यांचं विमान

आई अंथरुणाला खिळल्यापासून मी वैजापूरच्या पुढं गेलेले नाही. चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरणारी विमानं तीच ती. म्हणून इंटरनेटवरच्या फोटोंतली दुर्मिळ विमानं ओळखायचा नाद लागला. आईच्या उशाशी बसून खिडक्या मोजायच्या, शेपटी बघायची, नाव सांगायचं.

भाऊ अमेरिकेत असतो. यंदाही रजा नाही, असं त्यानं आईला फोनवर सांगितलं. चारच दिवसांनी त्याच्या मुलीनं मला फोटो पाठवला, "आत्या, ओळख बरं!"

एका जुन्या विमानासमोर ती आइस्क्रीम खात उभी होती. माशासारखं वाकलेलं अंग, तीन शेपट्या. सुपर कॉन्स्टेलेशन. हेच विमान, याच रंगात, गोव्याच्या संग्रहालयात उभं आहे. त्याचे किती फोटो पाहिलेत मी!

म्हणजे भाऊ गोव्यापर्यंत आला होता. आणि आईला सांगतो, रजा नाही!

"पोरीचा फोटो आलाय व्हय? दाखव की."

मी फोन आईच्या डोळ्यांपुढं धरला. ती बराच वेळ बघत राहिली.

"लई मोठी झाली गं. बिचाऱ्याला रजाच मिळंना, नायतर आणली असती तिला. हे विमान तिकडचंच ना?"

"ओळखू येईना, आई," मी म्हणाले.